मागून आलेले दोन हॉर्न

कुणी विश्वास ठेवावाच, असा माझा आग्रह नाही.

पण ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा सख्खा थोरला भाऊ. आजही तो माझ्या शेजारच्या खोलीत झोपतो. झोपतो म्हणजे पडून असतो.

रात्र नव्हती. जंगल नव्हतं. शनिवार होता, डोक्यावर ऊन होतं आणि कालव्याकाठचा चाळीस किलोमीटरचा सरळ रस्ता होता. एका बाजूला कोरडा कालवा, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. मध्ये कुठंही फाटा नाही.

हे नीट लक्षात ठेवा. फाटा नाही.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकानं तक्रार केली की पुन्हा घासायच्या. आठवडाभर मान मोडून काम करणारा माणूस. त्याची एकच चैन होती, ती म्हणजे मोटरसायकल क्लब. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सगळे मिळून कुठंतरी लांब जायचे. त्या वेळी अकरा गाड्या होत्या.

क्लबचा प्रमुख दातांचा डॉक्टर. त्याला सगळे कप्तान म्हणत. पुढं कोण, मध्ये कोण, सगळ्यात मागं कोण, हे तोच ठरवायचा.

गेल्या वर्षापासून दादाच्या वाट्याला कायम शेपूट.

शेपूट म्हणजे शेवटची गाडी. तिनं कुणाच्या पुढं जायचं नाही. कुणी थांबला की थांबायचं, कुणी पडला की उचलायचं. शेपूट पोचलं म्हणजे सगळे पोचले. दादानं दोनदा कप्तानला सांगून पाहिलं की बाबा, एकदा तरी मला पुढं सोड. कप्तान म्हणायचा, तुझ्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही. आता कौतुकाच्या वेष्टनात गुंडाळून दिलेल्या कामाला नाही तरी कसं म्हणणार? त्या सकाळीही तेच झालं. दहा गाड्यांची धूळ खात दादा निघाला.

त्याच्या बरोबर पुढं, दहाव्या जागी, बेकरीवाला होता. दादाचा शाळेपासूनचा मित्र. रोज पहाटे तीनला भट्टी पेटवणारा, त्यामुळं दिवसभर अर्धा झोपेत. गाडी जुनी, आणि दर तासाला आडोसा शोधायची सवय. वहिनी गमतीनं म्हणायची, तुम्ही दोघं गाड्यांवरून जाता की आडोशांवरून?

क्लबच्या खुणा ठरलेल्या होत्या. एक लांब हॉर्न म्हणजे सगळं ठीक. दोन छोटे हॉर्न म्हणजे थांबा, मी अडकलोय.

साडेदहाला ते कालव्याच्या रस्त्याला लागले. वाटेत दोन पूल होते, प्रत्येक पुलावर सगळ्यांनी शेपटाची वाट पाहायची असं ठरलं.

दहा मिनिटं झाली असतील.

मागून दोन हॉर्न वाजले...

छोटे. स्पष्ट.

दादाला आधी काही वाटलंच नाही. सवयीनं त्यानं वेग कमी केला, गाडी कडेला घेतली.

मग डोक्यात प्रकाश पडला.

मागून?

मागं तर कुणीच नव्हतं. शेवटचा तोच होता.

आरशात बघितलं. रिकामा रस्ता. पुढं बघितलं. धुळीत बेकरीवाल्याची पाठ दिसत होती.

पण नियम म्हणजे नियम. एखादा मागं राहून गेला असेल, आपणच मोजायला चुकलो असू. त्या अरुंद रस्त्यावर दोनशे किलोचं धूड वळवताना दादाच्या नाकीनऊ आले. पुढं, मागं, पुन्हा पुढं. घामानं हेल्मेटची काच आतून धुरकटली. दोन किलोमीटर मागं गेला.

कुणी नाही.

पुन्हा तीच कसरत करून उलटा आला. पुलावर दहाजण उन्हात उभे होते. कप्ताननं गाड्या मोजल्या. बरोबर अकरा. दादानं हॉर्नचं सांगितलं, तर बेकरीवाला म्हणाला, मला काही ऐकू आलं नाही बुवा. कुणीतरी हसलं. एवढंच.

पहिला पूल मागं पडला.

पंधरा मिनिटांनी... पुन्हा दोन हॉर्न.

या वेळी जवळून. अगदी पाठीशी.

दादा कचकन थांबला. आरशात काही नाही. इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, खाली उतरला. अंगाची नुसती लाही होत होती. कुणी चेष्टा करत असेल तर आज त्याचा समाचार घ्यायचा, असं ठरवून तो रस्त्यानं मागं चालत निघाला.

शांत होतं. पाखरू नाही. कुंपणाची तारसुद्धा हलत नव्हती.

फक्त टिकटिक येत होती.

तापलेलं इंजिन बंद केलं की थंड होताना आतून टिकटिक वाजतं. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो आवाज माहीत आहे. दादाला वाटलं, आपल्याच गाडीचा.

दहा पावलं गेला. वीस पावलं गेला.

आवाज कमी व्हायला हवा होता...

तो वाढला.

तिसाव्या पावलाला टिकटिक त्याच्या गुडघ्याजवळून येत होती. समोर रस्ता, ऊन, धूळ. बाकी काही नाही. दादानं नकळत हात पुढं केला.

हवा गरम होती. उन्हाची नव्हे. इंजिनाजवळ हात नेल्यावर लागते तशी. आणि एक पाऊल बाजूला सरकलं की ती लागत नव्हती.

दादा कसा परत आला आणि कशी गाडी सुरू केली, हे त्याला सांगता येत नाही. दुसऱ्या पुलापर्यंत त्यानं एकदाही आरशात पाहिलं नाही. पण तिथं त्याला धीर द्यायला कोण उभं होतं? दहाजण तापून लाल झाले होते. क्लबात एक वकीलबाई आहेत, त्या म्हणाल्या की मुक्कामाच्या विश्रामगृहावर जेवण साडेबाराचं सांगितलंय, आता गार खायचं का?

दादानं टिकटिकीचं सांगायला तोंड उघडलं.

कप्ताननं बोलूच दिलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला मागं राहायचं नाही ना, मग सरळ सांग. ही नाटकं कशाला?"

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ज्यानं सगळ्यांच्या पंक्चर गाड्या ढकलल्या, त्याला हे ऐकावं लागलं. बेकरीवाला मध्ये पडला, म्हणाला, जाऊ दे रे, ऊन लागलं असेल त्याला. ते तर दादाला जास्तच झोंबलं. त्यानं मित्राकडं पाहिलंसुद्धा नाही. हेल्मेट चढवलं आणि मनाशी ठरवलं की आता आभाळ कोसळलं तरी थांबणार नाही.

गाड्या निघाल्या. आता फक्त वीस किलोमीटर.

थांबायचं नाही असं ठरवलं, पण नजर ऐकत नाही. दादाचे डोळे सारखे आरशात. आत्ता येईल... आत्ता येईल... वाटेत कालव्याचं पाणी उपसायचं एक जुनं पंपघर होतं, रस्ता तिथं जरासा वळतो. ते कधी मागं पडलं, हेही त्याला कळलं नाही. पुढं नुसती धूळ होती. त्याला वाटलं, बेकरीवालाही उशिराला कंटाळून पुढं निघाला असेल.

आणि मग आला.

दोन हॉर्न.

दादानं दात आवळले.

पुन्हा दोन.

तो थांबला नाही.

पुन्हा दोन. पुन्हा दोन. आता मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. दादानं वेग वाढवला. साठ. सत्तर. ऐंशी. आवाज तेवढाच जवळ. मागं पडेना, पुढंही येईना. हेल्मेटच्या आत दादा ओरडत होता, थांबणार नाही, तुझ्यासाठी थांबणार नाही. पाच-सहा किलोमीटर हे असंच चाललं.

मग एक हॉर्न वाजला. लांब. खूप लांब...

सगळं ठीक.

आणि आवाज बंद झाला.

दादा विश्रामगृहाच्या आवारात शिरला. सगळ्यांनी खोटं-खोटं हुश्श केलं. कप्तान गाड्या मोजायला लागला. एकदा मोजल्या. मग बोट दाखवून मोजल्या.

दहा.

"बेकरीवाला कुठाय?" त्यानं विचारलं.

दादा म्हणाला, "तो माझ्या पुढं होता."

"पुढं नाही आला."

जेवणाची ताटं तशीच ठेवून सगळे उलटे फिरले.

पंपघरापासून अर्ध्या किलोमीटरवर, रस्त्यावर खडी सांडली होती. तिथून खाली उतरलेली चाकाची खूण. कोरड्या कालव्याच्या तळाशी गाडी आडवी, आणि गाडीखाली बेकरीवाल्याचा उजवा पाय. शुद्धीत होता. ओठ पांढरे पडले होते. तो अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ तसाच पडून होता.

नंतर त्यानं सांगितलं ते असं. पंपघराशी तो आडोशाला वळला. वळताना दादाला हात केला. दादाचं लक्ष नव्हतं, तो सरळ निघून गेला. मग बेकरीवाला घाईघाईनं त्याला गाठायला निघाला, आणि खडीवर गाडी घसरली.

म्हणजे त्या वेळी दादाच्या मागं खरंच कुणीतरी होतं. खरंच अडकलं होतं.

पाय तीन ठिकाणी मोडला. दोन सळ्या घातल्या. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये कप्ताननं दादाला बाजूला घेतलं. या वेळी त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "हॉर्न ऐकू आला होता का तुला?"

दादा खोटं बोलू शकला असता.

तो म्हणाला, "हो."

कप्तान निघून गेला. बाकावर बेकरीवाल्याची बायको बसली होती, तिनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती दादाशी बोलत नाही. वहिनी दोनदा तिच्या घरी जाऊन आली. दार उघडलं, पाणी दिलं, पण दादाचा विषय निघाला की ती उठून आत जाते.

पण खरा घोळ पुढं आहे. दोन दिवसांनी क्लबातल्या गॅरेजवाल्यानं ती गाडी टेम्पोत घालून आणली. तो म्हणाला, पडतानाच हिची बॅटरी निघून दहा फूट लांब फेकली गेलीये. हिचा हॉर्न वाजणं शक्यच नाही.

झालं. हॉर्न ऐकला म्हणावं तर मित्राला मरायला सोडणारा. नाही ऐकला म्हणावं तर खोटारडा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आधीच्या दोन वेळी बेकरीवाला त्याच्या पुढं होता, तेव्हा कोण वाजवत होतं, हे तर कुणी विचारतच नाही. दादा ज्याला त्याला समजावत राहिला. आधी चिडून, मग कळकळीनं. लोक मान हलवत. पुढं त्यानं बोलणंच सोडलं. गाडी विकली. आता दुकानात एकाच चष्म्याच्या काचा तीन-तीनदा घासतो.

मला राग यायचा. वाटायचं, एवढ्या सरळ माणसावर ही वेळ का यावी?

म्हणून मागच्या महिन्यात मी एकटाच बेकरीत गेलो. बेकरीवाला आता काठी घेऊन चालतो, स्टुलावर बसून पाव मोजतो. मी त्याला म्हटलं, तुम्ही तरी त्याच्या बाजूनं दोन शब्द बोला. लोक तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत.

त्यानं आधी बायको आत आहे ना, ते पाहिलं. मग हलक्या आवाजात सांगितलं, की त्याचा दादावर राग नाही. कधीच नव्हता. पण एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितलेली नाही.

तो कालव्यात पडला तेव्हा एकटा नव्हता.

वर काठावर एकजण बसला होता. हेल्मेट घातलेला, काच खाली. कुठून आला ते कळलं नाही. गाडी दिसली नाही. बेकरीवाला विव्हळत म्हणाला, पाय काढा हो माझा. तो हलला नाही. त्यानं फक्त विचारलं, "आत्ता पुढं कोण गेलं?"

बेकरीवाला म्हणाला, माझा मित्र. तो शेवटचा आहे.

"मग थांबेल," तो माणूस म्हणाला. "शेवटच्यानं थांबायचं असतं."

आणि हॉर्न वाजायला लागले. त्याच्या हातात काही नव्हतं. हात मांडीवर होते. बेकरीवाल्याला दादाच्या गाडीचा आवाज लांब लांब जाताना ऐकू येत होता, आणि तो माणूस मान तिरकी करून तेच ऐकत बसला होता.

दादाच्या गाडीचा आवाज अगदी संपला, तेव्हा तो उठला.

"मग?" मी विचारलं.

बेकरीवाल्यानं हातातला पाव खाली ठेवला.

"त्यानं मला तुझ्या दादाचं नाव विचारलं."

"तुम्ही सांगितलं?"

"अरे, पाय तुटला होता माझा. मला वाटलं, हाक मारून थांबवेल त्याला. सांगितलं मी. आडनावासकट."

"मग त्यानं हाक मारली?"

"नाही," बेकरीवाला म्हणाला. "त्यानं ते नाव तीन-चारदा हळूहळू म्हटलं. पाठ करतात ना, तसं. आणि चालत निघून गेला."

दादाला हे मी सांगितलेलं नाही.