अन्नपूर्णाबाईच्या कुंड्या

दोन दिवस रायपूरला जाते आहेस, तर खुशाल जा, नलू. दूध घेईन, वाळत घातलेले कपडे आत आणीन. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं मात्र मला सांगू नकोस. शेजारच्या सिंधुताईंना सांग. म्हातारीला कंटाळा आला असं वाटेल तुला. तसं नाही. लाईट गेलीच आहे, कंदील इकडे सरकव आणि बस. तुझ्या आईलाही मी हे कधी सांगितलं नाही.

इथला पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. तुझे आजोबा भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथे कामाला लागले होते. आधी आम्ही पावर हाउसजवळ एका खोलीत राहायचो. मग नव्या सेक्टरात क्वार्टर मिळालं. पुढे खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे उंच भिंतींचं छोटंसं अंगण. अंगणातून मागच्या गल्लीत निघायला दार होतं, पण आमच्या आधी राहून गेलेल्या कोणीतरी ते विटा रचून बुजवून टाकलेलं. म्हणजे आत यायचं आणि बाहेर जायचं ते पुढच्या एकाच दाराने. नळ बसवलेले होते, पाणी अजून सोडलेलं नव्हतं. रस्त्याच्या टोकाला सार्वजनिक नळ होता, तिथून भरून आणायचं. आमच्या ओळीतली बरीचशी घरं रिकामी होती. दुपारी तिथे आपल्याच भांड्यांचा आवाज आपल्याला मोठा वाटे.

त्या अंगणात भिंतीला लावून कुंड्या ठेवलेल्या होत्या. काही मातीच्या, काही रंगाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून केलेल्या. मोगरा, गुलाब, जास्वंद, अबोली, असं काडीवरून ओळखून घ्यायचं, कारण सगळं वाळून कोळसा झालेलं. तुझे आजोबा म्हणाले, फेकून देऊ. मी शेतकऱ्याची लेक. मुळाशी नख लावून पाहिलं तर मोगऱ्याच्या सालीखाली बारीकसा हिरवा रंग होता. मी माती उकरली, शेणखत घातलं, डोक्यावरून आणलेल्या हंड्यातलं पाणी तांब्यातांब्याने दिलं. आठवड्याच्या आत सगळ्या काड्यांना पालवी फुटली. सगळ्या म्हणजे सगळ्या. ज्या खोडात मला काहीच जिवंत दिसलं नव्हतं, तेही फुटलं. मला तेव्हा नुसता आनंद झाला. मला दिवस गेले होते, घर नवीन होतं, आणि दिवसभर बोलायला कोणी नव्हतं. मी त्या झाडांशी बोलायची. कारखान्याची लाल धूळ पानांवर बसायची, ती ओल्या फडक्याने पुसून काढायची.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी. झाड उजेडाकडे झुकतं, हे कोणालाही माहीत असतं. ही झाडं आभाळाकडे पाठ करून घराकडे झुकत होती. मी कुंड्या फिरवून ठेवल्या, तरी दोन-तीन दिवसांत सगळे शेंडे परत स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे बसून मी भाकरी थापायची.

दुसरी गोष्ट बाजाराच्या दिवशी झाली. आमच्याच ओळीत टोकाला शकुबाई राहायची, साकोलीकडची. तिच्याबरोबर मी पावर हाउसच्या बाजारात भाजी आणायला निघाले. थोडं पुढे गेले असेन, घशाला कोरड पडली. उन्हाचे दिवस, म्हटलं असेल. पाणपोईवर पोटभर पाणी प्यायले, पण कोरड तशीच. जणू पाणी दुसऱ्याच कोणाच्या घशातून उतरलं. आणखी पुढे गेले तर ओठ फाटले, हातावरची कातडी सुरकुतली, पायातलं बळ गेलं. शकुबाईने मला सायकलरिक्षात घालून घरी आणलं. आणि नलू, घरात शिरल्यावर मी माठाकडे गेले, तांब्या भरला, आणि तोंडाला लावायच्या ऐवजी तशीच अंगणात जाऊन मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. का, ते मला विचारू नकोस. हात गेला तिकडे. माती पाणी प्यायला लागली तसा माझा घसा ओला होत गेला.

त्यानंतर मी घरापासून लांब जाऊ शकले नाही. नळापर्यंत ठीक. त्याच्या पुढे गेलं की तेच. तुझ्या आजोबांनी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात होतं असं, अंगात रक्त कमी आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ठरलं होतं. माझा भाऊ आनंदराव न्यायला आला, पण रेल्वेच्या फाटकाशीच मी रस्त्यावर पडले. शुद्धीवर आले ती घरात, अंगणाच्या उंबऱ्यावर. भाऊ डोळे पुसत एकटाच परत गेला. पोट वाढत होतं, आणि मला वाटायचं, मूल झालं तरी मी त्याला घेऊन या चार भिंतींच्या बाहेर कशी पडणार?

तेव्हा शकुबाईने तोंड उघडलं. गरोदर बाईला असलं सांगू नये म्हणून ती इतके दिवस गप्प होती. आमच्या आधी त्या घरात देवाजी नावाचा माणूस आणि त्याची बायको अन्नपूर्णा राहायचे. देवाजी संशयी नव्हता, भित्रा होता. नवी वस्ती, परमुलखातले हजार पुरुष, बायको घरात एकटी. म्हणून मागचं दार त्याने बुजवलं आणि कामावर जाताना पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचा. तिने वेळ घालवायला कुंड्या लावल्या. एक दिवस भर उन्हाळ्यात त्याला कामावरच निरोप आला की बाप शेवटच्या घटका मोजतो आहे. रात्रीच्या गाडीने परत येऊ म्हणून तो तसाच स्टेशनवर गेला. गावात पटकीची साथ होती. तो स्वतःच अंथरुणाला खिळला, वाचा गेली. इकडे ओळीत तेव्हा दुसरं एकही बिऱ्हाड नव्हतं; शकुबाई दोन ओळी पलीकडे राहायची, ती धावली ते देवाजी परतल्यावरच.

"तो आला तेव्हा सारं संपलं होतं," शकुबाई म्हणाली. "पान्याविना गेली बिचारी. माठ कोरडा, हंडा कोरडा. पन मी सोता पाह्यलं रुक्मा, कुंड्यातली माती ओली होती."

मी त्या दिवशी कुंड्यांकडे गेले नाही. पण संध्याकाळ होता होता घसा चिकटायला लागला आणि मी मुकाट्याने पाणी घातलं.

मग तो दिवस उजाडला. तुझे आजोबा सकाळपाळीला गेले. थोड्या वेळाने मी नळावर जायला हंडा उचलला आणि बाहेर कडी पडल्याचा आवाज आला. मागोमाग कुलुपात चाबी फिरल्याचा. मग पावलं, पुरुषाची, सावकाश लांब जाणारी. आमच्या घरात कुलूप नव्हतंच, नलू. चोराने न्यावं असं काही नव्हतं तर कुलूप कशाला घेणार? मी दार ओढलं, धडका दिल्या. खिडकीच्या गजांना तोंड लावून हाका मारल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शकुबाई सकाळीच चरोद्याला बहिणीकडे गेली होती. उन्हाची झळ खिडकीतून आत येत होती, आणि माझा आवाज बाहेर पडला की ती मागे ढकलत होती.

माठात तळाशी तांब्याभर पाणी होतं. म्हटलं, पाळी सुटेपर्यंत पुरवायचं. पण दुपार चढली तशी पानं माना टाकायला लागली आणि माझी जीभ टाळूला चिकटली. भिंती तापून भट्टी झाल्या होत्या. तरी घरात गार, ओल्या मातीचा वास सुटला, आणि त्यात मोगऱ्याचा. मोगऱ्याला तेव्हा कळीसुद्धा नव्हती. मी माठातलं पाणी तांब्यात ओतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. समोर सगळे शेंडे माझ्याकडे वळलेले. वारा नव्हता, तरी पानं हलत होती, लेकरू दूध पाहून तोंड हलवतं तशी.

माझ्या मागे, चुलीच्या बाजूने, कोणीतरी श्वास घेतला. कोरडा, खरखरीत.

"त्याईले दे..."

मी वळले नाही. वळायची हिंमत नव्हती. आवाज बाईचा होता, दमलेला. त्यात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मी देल्लं होतं... तूबी दे..."

माझा हात आपसूक पुढे झाला. तांब्या कलंडला, दोन थेंब मोगऱ्यावर पडलेही. तेवढ्यात पोटात लेकराने लाथ मारली. मी तांब्या छातीशी धरला. मी म्हणाले, "बाई, माह्या पोटात लेकरू आहे. मले जाऊ दे."

मग अगदी कानाशी, इतक्या जवळ की मानेवरचे केस हलले,

"माह्याही होतं..."

शकुबाईने मला हे सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही माहीत नसेल. मी तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटून सगळं पाणी प्यायले. रडत रडत प्यायले. या वेळी ते माझ्याच घशातून उतरलं. अंगणात एकेक पान गळून पडल्याचा आवाज येत राहिला, सगळी गळून जाईपर्यंत. मी मागच्या मागे सरकत पुढच्या दाराला पाठ लावून बसले. चुलीपाशी कोणीतरी हळू हळू रडत होतं, पण त्या रडण्यात पाणी नव्हतं.

उन्हं कलल्यावर बाहेर शकुबाईचा आवाज आला. ती चरोद्याहून परत येत होती. "रुक्मा, तुह्या दाराले कुलूप कोनं लावलं वं?" मी खिडकीशी गेले आणि गजांतून तिचा हात धरला. तो सोडवेना. ती दगडाने कुलूप फोडायला निघाली, तेवढ्यात तुझे आजोबा कामावरून आले.

आता ऐक. मी खिडकीतून पाहत होते, शकुबाई बाजूला उभी होती. ते दमून आले होते, खांद्यावर पंचा, हातात डबा. दारापाशी आले, त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, चाबी काढली, कुलूप उघडलं. रोज उघडावं तसं. न बघता.

शकुबाईने विचारलं, "भाऊ, चाबी तुमच्यापाशी होती?"

त्यांनी हातातल्या चाबीकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "हे माही नोहे." आणि निखारा टाकावा तशी ती खाली टाकली.

त्या रात्री आम्ही शकुबाईकडे झोपलो. दुसऱ्या दिवशी उजेडात त्यांनी मागच्या दारातल्या विटा पाडल्या. मीच हट्ट धरला, की कुंड्या टाकायच्या नाहीत. त्यांनी गल्लीपलीकडच्या मोकळ्या रानात खड्डे खणले आणि कुंड्या फोडल्या. मुळं आत गोल गोल फिरून कुंडीच्याच आकाराची झाली होती, मातीपेक्षा मुळंच जास्त. मी ती बोटांनी सोडवली आणि सगळी जमिनीत लावली. शेवटचं झाड लागलं तशी मी रस्त्याने सरळ चालत सुटले. नळ मागे पडला, फाटक मागे पडलं. घसा ओलाच राहिला. कुलूप आणि चाबी आजोबांनी पावर हाउसच्या पुढे, लांब नाल्यात फेकली. पावसाळ्यानंतर माहेरी तुझी आई झाली, धडधाकट. आम्हाला दुसरं क्वार्टर मिळालं.

तुझे आजोबा देवमाणूस. उभ्या जन्मात त्यांनी मला कधी अडवलं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. पण सदरे धुवायला घेताना मी आधी खिशात हात घालून पाहायची. कधी काही सापडलं नाही.

फक्त एक होतं, आणि ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पाळीला निघताना ते बाहेर जायचे, दार ओढून घ्यायचे. मी आतून खिडकीच्या फटीतून पाहायची. ते तिथेच थोडं थांबायचे, दाराकडे तोंड करून, आणि कडीपाशी उजव्या हाताची दोन बोटं चिमटीत धरून हवेत फिरवायचे. मग नसलेलं कुलूप हाताने एकदा ओढून पाहायचे, नीट लागलं की नाही.