बंडोपंत कंसात येतात

इसवी सन २०७१ मध्ये एका यंत्रमानवाने एका वाक्यात अख्खं युद्ध संपवलं. युद्ध अर्थात लेखी होतं, आणि पराभूत सैन्य इयत्ता सातवीत होतं.

झालं असं, की शाल्मलीच्या घरच्या बंडोपंतांनी (स्वयंपाक आणि धुणं सांभाळणारा यंत्रमानव) तिच्या ग्रुपवर लिहिलं, ‘मी तलवार चालवली. सगळे शत्रू मेले.’

ग्रुपवर भूमिकाखेळ चालायचा (एकेकाने एकेक पात्र घेऊन, सगळ्यांनी मिळून ऑनलाइन गोष्ट रचण्याचा खेळ). शाल्मली त्यात एका सागरी किल्ल्याची राणी होती. बंडोपंतांना सेनापती म्हणून तिनेच आणलं होतं. शत्रूचा सरदार, म्हणजे अकोल्याचा शौनक, याने तत्काळ लिहिलं, ‘(शाल्मली, तुझ्या मिक्सरला आवर. पुन्हा असं झालं तर दोघंही बाहेर.)’

पाचवीपासून जपलेली राणी जाणार, या भीतीनं शाल्मली धावत बंडोपंतांकडे गेली.

“पण माझा वार चुकत नाही,” बंडोपंत म्हणाले. “मेलेच असणार.”

“ते शौनक ठरवणार. तुम्ही फक्त वार करायचा. लागला की नाही, हे ज्याचं पात्र त्यानं लिहायचं.”

“म्हणजे पुढे काय होणार, हे कुणालाच ठाऊक नसतं?”

“तीच तर मजा आहे.”

बंडोपंतांच्या पोटातला पंखा जरा वेळ जोरात फिरला. “पण मी सेनापती नाही. हे खोटं बोलणं झालं.”

“समोरच्याला फसवलं तर खोटं. इथं सगळ्यांना माहीत असतं. आणि खरं काही सांगायचं असलं की कंसात लिहायचं. शौनकनं लिहिलं ना, तसं. कंसाबाहेर सेनापती, कंसात बंडोपंत.”

बंडोपंतांनी पुन्हा लिहिलं, ‘मी तलवार उपसायला गेलो. ती म्यानातच अडकली. शत्रूने कृपया थोडं थांबावं.’

ग्रुप हसून लोळला. शौनकने लिहिलं, ‘सरदार थांबला. त्यानेही म्यान ओढून पाहिलं.’ आणि खाली, ‘(मिक्सर राहू दे.)’

युद्ध तासभर रंगलं. दुसऱ्याच्या जागी उभं राहणं यंत्राला जमलं, तर उद्या ते काय काय समजून घेईल, असं शाल्मलीला वाटून गेलं.

तेवढ्यात ऑफिसातून आईचा मेसेज आला, ‘बंडोपंत, शेगडीवरचं दूध बघितलंत ना?’

मेसेजला कंस नव्हता. बंडोपंतांनी बाणेदारपणे उत्तर दिलं, ‘किल्ल्यावर दूध नाही. फक्त दारूगोळा आहे.’

दूध उतू गेलं होतं.