पाहुण्यांची फेरी

"माझी गाडी चढावर थांबली आणि मागे घरंगळली," दारातली बाई म्हणाली. "का थांबली ते उद्या संध्याकाळच्या आत कळलं नाही, तर माझं सगळं संपलं."

"गॅरेज कोपऱ्यावर आहे," भाऊजींनी बसल्या जागेवरून सांगितलं. "माणूस चांगला आहे, फक्त बोलतो फार."

वहिनी हात पुसत आतून आल्या. "भाऊजी, जरा खिडकीतून बघा. यांची गाडी खाली ठणठणीत उभी आहे. आत्ताच तिच्यातून उतरल्या त्या. ही दुसरी कुठली तरी गाडी आहे. या, बसा तुम्ही."

भाऊजींनी उठून खुर्ची पुढे सरकवली. असं चुकणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांचा थोरला भाऊ जहाजावर नोकरीला होता आणि वर्षातले बरेच महिने समुद्रावर असायचा. घरी वहिनी लोकांची कोडी सोडवायच्या, तोच त्यांचा व्यवसाय. भाऊजी विमा कचेरीतून जरा लवकरच निवृत्त झाले होते. तेव्हापासून ते वहिनींची मोटार चालवायचे आणि दर प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

बाई रोलर कोस्टर आखायची. कंपनी तिच्या वडिलांनी उभी केलेली. तिथे सगळे त्यांना काका म्हणत.

"माझ्या कोस्टरमध्ये दुसरी टेकडी वेगळी आहे," ती म्हणाली. "गाडी माथ्यावर जवळजवळ थांबते. आतल्याला वाटतं, गेलो आता मागे! आणि तेवढ्यात ती अलगद पुढे कलते. असं आजवर कुणी केलेलं नाही, कारण माप फार बारीक लागतं. जरा जोर जास्त झाला तर मजा गेली, कमी पडला तर गाडी मागे."

"आणि कमी पडला."

"हो, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर. आधी आम्ही पुतळे बसवून फेरी घेतो. माणसाएवढे प्लास्टिकचे पुतळे, आत पाणी भरलेले. कामगार त्यांना पाहुणे म्हणतात. पाहुण्यांची फेरी नीट झाली की दुसऱ्या दिवशी पहिली माणसाची फेरी, आणि तिच्यात ज्यानं आखलं त्यानंच बसायचं. बाबांनी घातलेली रीत आहे ही. स्वतःच्या प्रत्येक कोस्टरमध्ये ते आधी बसलेत. या वेळी मी बसणार होते." ती थांबली. "उद्या भागीदारांची बैठक आहे. माझं गणित चुकलं म्हणून आराखडा रद्द करायचा आणि मला आखणीवरून काढायचं, असं ठरल्यातच जमा आहे. मी ते गणित पुन्हा पुन्हा तपासलंय हो. चूक नाहीये त्यात."

"काका काय म्हणतात?"

"काहीच नाही. भागीदार मला नाही नाही ते बोलले, आणि बाबा खाली मान घालून बसले होते. तेच जास्त लागलंय मला."

भाऊजींनी पाण्याचा पेला पुढे केला.

*

कंपनीच्या आखणीच्या दालनात खिडकीपाशी लांबलचक टेबल होतं. त्यावर तारेचा छोटा रूळ, चढउतारांसकट. शेजारी वाटीत दोन चेंडू: एक पोलादी गोळी आणि एक टेबल टेनिसचा.

"हे माझं लहानपणचं खेळणं," काकांची लेक म्हणाली. "बाबांनी यावरच शिकवलं मला सगळं."

त्या दोघी आराखडे बघत होत्या तोवर भाऊजींनी खेळून घेतलं. पोलादी गोळी दोन्ही टेकड्या ओलांडून सरळ पलीकडे गेली. टेबल टेनिसचा चेंडू दर वेळी दुसऱ्या टेकडीखाली रेंगाळायचा आणि मागे यायचा.

"हा चेंडू चेपलाय बहुतेक," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी वळून चेंडू हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत वाटीत ठेवला. "नाही हो. चांगला गोल आहे."

मागच्या मोकळ्या जागेत खरा रूळ होता. दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी नुसताच एक रिकामा लोखंडी सांगाडा दिसला.

"इथे मोटर बसायची आहे," लेकीनं सांगितलं. "बाग सुरू झाली की रोज सकाळी गाडी फिरवून बघताना लागते. चाचणीला तिची गरज नसते."

गाडीच्या शेडमध्ये फोरमन भेटला. जाडजूड माणूस, तोंडानं फटकळ. गाडीत पाहुणे पट्ट्यांनी बांधून ओळीत बसले होते, पांढरेशुभ्र आणि बिनचेहऱ्याचे. भाऊजींना उगीचच त्यांना नमस्कार करावासा वाटला.

"चाकं बघितली, रूळ बघितला, ब्रेक बघितला," फोरमन बोटांवर मोजत म्हणाला. "कुठे खडासुद्धा नाही. बाईंनी मला मागे सगळ्यांदेखत झापलं होतं, म्हणून लोक माझ्याकडे बघतात. अहो, राग आला तर मी तोंडावर बोलतो, गाडीवर कशाला काढू?"

"पाहुण्यांत पाणी कोण भरतं?"

"मीच. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पोटभर पाणी पाजतो आणि शेडला कुलूप लावतो. किल्ल्या चौघांकडे: मी, बाई, काका आणि ते विक्रीवाले साहेब. पाहुणे दाखवत हिंडतात ना गिऱ्हाइकांना."

"गाडी अडकली, मग परत कशी आणली?"

"दोन टेकड्यांच्या मधून तार बांधून, हातानं कप्पी फिरवत. एरवी दमछाक होते. पण माझी पोरं तयार आहेत हां! चौघांनी गप्पा मारत वर घेतली."

वहिनींनी खाली बघितलं. "शेड कोरडी आहे."

"आता आहे. चाचणीच्या सकाळी इथे पाणीच पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हटलं, नळाचं वायसर गेलं. बदललं. तेव्हापासून थेंब नाही."

"शेवटचं एक. भरलेली गाडी जोरात जाते की रिकामी?"

"भरलेली," फोरमन हसला. "हे काय विचारणं झालं?"

बाहेर पडताना भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हाच. फार बोलतो."

"तुम्ही पण बोलता, भाऊजी."

विक्रीवाले साहेब मऊ खुर्चीत बसले होते आणि त्याहून मऊ बोलत होते. "खोटं कशाला बोलू? मला जुनंच कोस्टर विकायला सोपं जातं. पण गिऱ्हाइकांना मीच तर बोलावून आणलं होतं. त्यांच्यासमोर माझंही नाक कापलं गेलं की."

"भरलेली गाडी जोरात जाते की रिकामी?"

"रिकामी, अर्थात. हलकी वस्तू पळते. बैलाला विचारा."

भाऊजींना हे अगदी पटलं. त्यांनी मान डोलावली.

काकांची खोली दालनाच्या टोकाला होती. काका शालीत गुरफटून बसले होते, नाक लाल, समोर गरम पाण्याचं भांडं. खिडकीत उन्हाला त्यांचे बूट ठेवले होते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. बाहेर आभाळ निरभ्र होतं. कित्येक दिवसांत पावसाचा शिंतोडाही पडला नव्हता.

"सर्दीनं बेजार झालोय," काका म्हणाले. "विचारा काय ते."

"लेकीचं गणित तुम्ही तपासलंत?"

"तीनदा."

"चूक सापडली?"

काकांनी भांड्यातली वाफ नाकात ओढली. "कागदावर नाही सापडली."

"मग गाडी का थांबली?"

"यंत्राचं काय सांगावं, बाई. मापात बसत नाही अशा शंभर गोष्टी असतात. आराखडा बाजूला ठेवलेला बरा. पोरगी तरुण आहे, दुसरा करेल."

"भरलेली गाडी जोरात जाते की रिकामी?"

काकांनी चटकन वर बघितलं. मग रुमालानं नाक पुसलं. "काही फरक पडत नाही. शाळेतलं विज्ञान आहे. वजनाचा आणि वेगाचा संबंध नाही."

मोटारीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "तीन माणसं, तीन उत्तरं. एकाला तरी परीक्षेत नापास करायला हवं."

"करणार आहे," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा काही आनंदी दिसत नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्या लांब टेबलाभोवती जमले. वहिनींनी टेबल टेनिसचा चेंडू रुळावर सोडला. तो दुसऱ्या टेकडीखालून परत आला.

"काल भाऊजींना वाटलं, चेंडू चेपलाय. चेंडूला काही झालेलं नाही. तो हलका आहे, एवढंच. चाकांचं घर्षण, समोरचा वारा, हे जड गाडीला फारसं अडवत नाहीत. हलकीचा जोर मात्र ते खाऊन टाकतात. म्हणून त्या टेकडीपाशी मोटर बसायची आहे. बागेत रोज सकाळी गाडी रिकामी फिरवतात, आणि रिकामी गाडी ती टेकडी आपली आपण चढूच शकत नाही. बरोबर?"

"बरोबर," लेक म्हणाली. "पण चाचणीला गाडी भरलेली होती."

"भरलेली दिसत होती. पाहुण्यांच्या पोटात काय आहे ते बाहेरून कुठे कळतं? चाचणीच्या पहाटे कुणीतरी त्यांची झाकणं उघडली. पाणी शेडमध्ये वाहिलं. गाडी अडकली, तेव्हा चौघांनी ती गप्पा मारत वर ओढली."

फोरमननं कपाळावर हात मारला. "आणि मी पोरांची पाठ थोपटली!"

"मग दुसऱ्या पहाटे त्याच माणसानं पाहुणे पुन्हा भरले, आणि शेड पुन्हा ओली झाली. वायसर बिचारं फुकट बदनाम झालं."

"किल्ल्या चौघांकडे," भाऊजी पुटपुटले.

"चौघांकडे. बाई स्वतःच्याच पायावर धोंडा मारून माझ्या दारात येणार नाहीत. विक्रीवाल्या साहेबांना वाटतं, हलकी गाडी पळते. त्यांना गाडी अडवायची असती तर त्यांनी तिच्यात दगड भरले असते. फोरमनना खरं उत्तर माहीत होतं आणि त्यांनी ते हसत दिलं. कप्पीची गोष्टही आपणहून सांगितली. चोर स्वतःच्या पायाचे ठसे कौतुकानं दाखवत नाही." वहिनी थांबल्या. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "चौथ्या माणसानं सांगितलं की काही फरक पडत नाही. शाळेतलं विज्ञान. हे उत्तर शाळेतल्या मुलानं दिलं असतं तर मी शाबासकी दिली असती. पण ज्यानं आयुष्यभर कोस्टर आखले, त्याच्या तोंडी ते कसं शोभेल? माझा प्रश्न कुठे चाललाय ते त्यालाच एकट्याला कळलं होतं."

लेकीनं वाटीतली पोलादी गोळी उचलली होती. तिचा हात तसाच राहिला.

"बाबा? ह्याच टेबलावर तुम्ही मला शिकवलंत. जड गोळी जाते, हलकी राहते. मी सात वर्षांची होते."

शेडमधल्या पाण्यात भिजलेले काकांचे बूट अजून पुरते वाळले नव्हते. ते सपाता घालून उभे होते.

"तीनदा तपासलं गं," ते म्हणाले. "एक चूक सापडू दे म्हणून देवाचा धावा केला. सापडली असती तर तुला थांबवलं असतं. मी स्वतः बसायचो तेव्हा कधी भीती वाटली नाही. तू बसणार म्हटल्यावर झोप उडाली. रीत मीच घातलेली, मोडू कशी? वाटलं, पाहुण्यांची फेरी फसली की आपोआप लांबणीवर पडेल. गिऱ्हाइकं येणार आहेत हे मला त्या सकाळी कळलं. तोवर पाणी वाहून गेलं होतं."

"आणि नंतर? मला सगळे बोलत होते तेव्हा?"

"नंतर तोंड उघडायचं धैर्य झालं नाही."

"माझं नाव गेलं असतं, बाबा! मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता." तिचे डोळे भरून आले, पण आवाज ठाम होता. "संध्याकाळच्या बैठकीत हे सगळं तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार, तुम्ही."

"सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. बंद दारामागे भागीदारांचे आवाज चढले आणि उतरले. काका बाहेर आले तेव्हा अध्यक्षपद सोडून आले होते, आणि आराखडा शाबूत होता.

*

फोरमननं या वेळी प्रत्येक पाहुण्याच्या पोटावर स्वतः टिचकी मारून पाहिली. गाडी सुटली, दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर रेंगाळली आणि अलगद पुढे कलली. विक्रीवाल्या साहेबांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

माणसाच्या फेरीला वहिनी आणि भाऊजींना खास बोलावणं होतं. लेक पुढच्या बाकावर बसली, मागे सगळे पाहुणे. काका हळूहळू गाडीपाशी आले आणि तिच्या शेजारच्या पाहुण्याचा पट्टा सोडू लागले.

"बाबा, हे काय?"

"याला उतरवा रे," काका फोरमनला म्हणाले आणि धापा टाकत त्या जागी बसले.

"तुम्ही त्याच्यापेक्षा हलके आहात," लेक म्हणाली.

"तू गणितात धरलं असशील तेवढं."

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "धरलंय."

"मग झालं तर." त्यांनी पट्टा ओढून बसवला. "दाबा रे बटण."

गाडी दुसऱ्या टेकडीवर चढली आणि माथ्यावर जवळजवळ थांबली. भाऊजींनी डोळे गच्च मिटले. वरून एक लांबलचक किंकाळी आली, आणि मग चाकांचा आवाज पलीकडच्या उतारावर धडधडत गेला.

"कोण ओरडलं हो, वहिनी?"

"काका," वहिनी म्हणाल्या. "लेक हसतेय."