सहावी पायरी गाळणारी

तो आमच्या घरात शिरला तो चुकून. जायचं होतं शेजारी, तिकडे कठड्याचं काम निघालं होतं. आमचं दार उघडं दिसलं आणि आला आत. मी झाडू घेऊन मागच्या खोलीतून बाहेर आले, तर जिन्यापाशी परका माणूस उभा. पांढरे केस, कानामागे पेन्सिल, मान एका बाजूला कललेली. चोर असता तर पळाला असता. हा हललासुद्धा नाही. उलट ओठांवर बोट ठेवून मलाच म्हणतो,

"थांबा... कोणीतरी उतरतंय."

माझा झाडू हातातच राहिला.

दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन होतं. मुलगा कामावर, सून डॉक्टरांकडे, वर चिटपाखरू नव्हतं. आणि तरी जिन्यावरून पावलं उतरत होती – हलकी, भरभर – जशी ती रोज चारला उतरतात. पार खालपर्यंत आली. एक शेवटचं पाऊल पडलं... आणि सगळं गप्प.

ती पावलं मी वर्षानुवर्षं ऐकत होते. घरात दुसऱ्या कोणालाही कधी ऐकू आली नाहीत. मुलाला सांगितलं, तर त्याने माझे कान तपासून आणले. आणि हा बिनबोलावलेला माणूस...

"तुम्हाला ऐकू आलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"न यायला काय झालं? जिनेवाला आहे मी, बाई. आयुष्यभर पावलंच ऐकतोय."

"मग जिनेवाले, शेजारचं दार पलीकडे आहे." तोडून बोलल्याशिवाय मला धीर येत नाही. "आणि लोकांच्या घरात शिरताना कडी वाजवायची असते."

"वाजवली होती. तुमच्या जिन्याने ओ दिली."

असं म्हणून गेलासुद्धा. मी मात्र बराच वेळ तिथेच उभी. भीती इतकी वर्षं माझी एकटीची होती. त्या दिवशी ती वाटून घेतली कोणीतरी... आणि खरं सांगते, मला जरा रागच आला.

त्याच आठवड्यात सून जिन्यावरून पडता पडता वाचली. सातवा महिना तिचा. सगळ्यात खालच्या पायरीवर पाय चुकला, मुलाने धरलं म्हणून निभावलं. संध्याकाळी मुलगा माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, एक तर जिना बदलायचा, नाही तर तुझं सामान खाली आणायचं आणि वरचा मजला बंद. सांग काय ते."

वरची खोली चाळीस वर्षं माझी. खाली आणलं की म्हातारीला कोपरा देतात आणि त्याला 'आईची खोली' म्हणतात, हे मला कोणी शिकवायला नको. आणि जिना तोडला तर? तर ती पावलंही जाणार. त्यांच्याशिवाय चार कसे वाजतात, हे मी विसरले होते.

"तुझे वडील येतात रे त्या जिन्यावरून," मी म्हणाले. वडिलांचं नाव काढलं की पोरगा गप्प बसतो. या वेळी बसला नाही. बाजूला बसलेल्या सुनेच्या पोटाकडे बघत राहिला. तिथे मीच माघार घेतली.

"बरं. मग शेजारी येतो त्या जिनेवाल्याला बोलव. दुसऱ्या कोणाला मी पायरीला हात लावू देणार नाही."

तो आला तो कठड्याचे गज घेऊनच. एकेक गज भिंतीला टेकवून उभा करायचा आणि माझ्याकडे बघायचा.

"हा कसा वाटतो?"

"पोट सुटल्यासारखा."

"हा?"

"हा उपाशी."

"लोखंडी दाखवू?"

"घराचा तुरुंग करायचाय का?"

"काचेचा कठडाही मिळतो हल्ली..."

"म्हणजे मी दिवसभर बोटांचे ठसे पुसत बसू?"

तो डाव्या गालातल्या गालात हसायचा. गज पुन्हा गोणपाटात गुंडाळायचा आणि दोन दिवसांनी दुसरे घेऊन यायचा. येणार साडेतीनला. चार वाजता आम्ही दोघं बोलायचं थांबायचो. पावलं उतरून गेली की तो हळूच म्हणायचा, "आज जरा घाईत होती." मी म्हणायचे, "रोजच असते." आणि मग पुन्हा गजांवरून भांडण.

"घरी कोण असतं तुमच्या?" मी एकदा विचारलं. सहज विचारलं, असं दाखवून.

"कोणी नाही. लोकांचे जिने बसवता बसवता लग्नाचं राहून गेलं."

"चांगलं झालं. एक बाई सुटली."

"तेही आहे," तो म्हणाला. वाईट वाटून घेतलं नाही, हे मला आवडलं. तिसऱ्या खेपेला मी केस नीट विंचरून, निळं लुगडं नेसून बसले, तर सून विचारते, "आई, कुठे जायचंय आज?"

"जिन्यापर्यंत," मी म्हणाले.

पाचव्या खेपेला त्याने गज आणलेच नाहीत. टेप आणली आणि पाणसळ. एकेका पायरीवर ती पाणसळ ठेवून तिच्यातला पाण्याचा बुडबुडा बघायचा, पायरीची उंची मोजायचा, पेन्सिलीने भिंतीवर लिहायचा. मग खालच्या पायरीपाशी उकिडवा बसला आणि फरशीवर बोटांनी टकटक केलं.

"जुन्या फरशीवरच नवी बसवलीत ना?"

"बावीस वर्षं झाली."

"म्हणून जमीन दोन बोटं वर आली. वरच्या पायऱ्या सगळ्या सारख्या, ही शेवटची ठेंगणी. पाय सवयीने खाली जातो आणि जमीन आधीच लागते. तुमची सून त्यामुळेच अडखळली."

"मग तेवढी एक नीट करा."

"एक करून भागत नाही, बाई. दोन बोटं सगळ्या पायऱ्यांत वाटावी लागतात. सगळा जिना नव्याने बसवावा लागेल."

मी मान खाली घातली. त्यानेही वर बघितलं नाही. चार वाजायला आले होते.

"तुम्ही म्हणता, तुमचे मालक उतरतात..." तो चाचरत म्हणाला. "ते गेले कधी?"

"नऊ वर्षं झाली."

"म्हणजे नव्या फरशीवर ते तेरा वर्षं चालले. त्यांचा पाय नव्या फरशीवर पडायला हवा. आता नीट ऐका."

पावलं वरून निघाली. तो बोटांवर मोजत होता. एक, दोन, तीन, चार, पाच... मग एक बोट त्याने मिटलंच नाही. सात, आठ... शेवटची पायरी आली. मग ते शेवटचं पाऊल. इतकी वर्षं ऐकून मला कधी जाणवलं नव्हतं, ते त्या क्षणी जाणवलं. आवाज फरशीवरून आला नाही. फरशीच्या खालून आला. बद्द... पुरल्यासारखा.



"जुन्या जमिनीवर चालतंय हे पाऊल," जिनेवाला म्हणाला. "फरशी बसायच्या आधीचं आहे. आणि सहावी पायरी गाळतं. पुरुषाचं नाही ते, बाई. पोरीचं आहे... वीस-बावीस वर्षांची असेल."

मी खालच्या पायरीवर बसले.  मग सहाव्या पायरीकडे बघून म्हणाले,

"सहावी पायरी करकरायची. सासूबाई जाग्या व्हायच्या."

त्याने टेप गुंडाळून बाजूला ठेवली. 

"दुपारी त्या झोपल्या की चारला मी उतरायचे. सहावी गाळून. दाराबाहेर बसायचे दहा मिनिटं. काही नाही हो... रस्ता बघायचा. माणसं कुठे कुठे जातात ते बघायचं. एक दिवस उतरले तर सासूबाई खाली उभ्या. हात नाही उगारला त्यांनी, शिवीही नाही दिली. फक्त दाराला वर कडी बसवून घेतली – माझा हात पोचणार नाही अशी. त्यानंतर मी दुपारी कधी उतरले नाही."

"आणि पावलं?"

"आठवड्याने सुरू झाली. मी वर शिवत बसले होते... आणि मीच जिना उतरताना मला ऐकू आले."

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. ते गेल्यावर पावलांना त्यांचं नाव दिलं, कारण बाईला नवऱ्याची चाहूल लागते म्हटलं की लोक माना डोलावतात. बाई जिवंत असताना तिचीच चाहूल घरात फिरते म्हटलं, तर वेडी म्हणतात.

"तुम्ही नाही म्हणालात वेडी," मी म्हणाले.

"मी पाच खेपा कशाला घातल्या असतील?" तो म्हणाला. "गज तुम्हाला पहिल्याच दिवशी पसंत होते. ते पोट सुटलेले."

पुढच्या खेपेला त्याने हात धरायचे दांडे आणले, कठड्याच्या वर बसवायचे. चार तुकडे, चार घडणींचे. जिन्यावर एकापुढे एक मांडले.

"डोळ्यांनी निवडायचा नाही हा. डोळे मिटा आणि धरून बघा. हात सांगतो."

"माझा हात माझ्यासारखाच आहे. कोणालाही चांगलं म्हणत नाही."

"मिटा हो..."

मिटले. लाकडाचा ताजा वास येत होता. पहिला दांडा चौकोनी, बोटांत रुतला. दुसरा गुळगुळीत, निसटता. तिसऱ्यावर माझा हात गेला... आणि त्यावर दुसरा हात आला. लहानसा. गार. त्याने माझी बोटं सोडवली आणि ओढून चौथ्या दांड्यावर ठेवली. वरून घट्ट दाबली.

"जिनेवाले," मी डोळे न उघडता म्हणाले, "आगाऊपणा पुरे. हात काढा."

"बाई..." त्याचा आवाज लांबून आला. "मी दारात उभा आहे."

मी डोळे उघडले नाहीत. त्या हाताच्या तर्जनीला सुईने टोचल्याचा खरखरीतपणा होता. मला ठाऊक होता तो. हात हळूहळू हलका झाला आणि मग उरलाच नाही. माझी बोटं चौथ्या दांड्यावर होती आणि तो दांडा हातात असा बसला होता, जसा माझ्यासाठीच घडवला होता.

"हाच बसवा," मी म्हणाले. "आणि तोडा जिना. तिची ना नाही."

तोडायच्या आदल्या दिवशी तो हत्यारं न घेता आला. चारला दहा मिनिटं असताना मी उठले आणि बाहेरचं दार सताड उघडलं. उन्हाची तिरीप जिन्यापर्यंत आली. आम्ही दोघं भिंतीला लागून उभे राहिलो, वाट सोडून.

पावलं निघाली. पाच. सहावी गाळली. शेवटच्या पायरीवर येऊन थांबली, जशी रोज थांबतात. मला तिचा श्वास ऐकू येत होता... की माझाच होता तो?

"जा गं," मी म्हणाले. "झोपल्यात त्या. आता उठत नाहीत."

क्षणभर काही नाही. मग माझ्या दंडाला गार वारा घासून गेला. दाराचा पडदा बाहेरच्या बाजूला उडाला, आणि उंबऱ्याबाहेर, रस्त्यावर, धावत गेलेली पावलं आम्ही दोघांनी ऐकली. फरशीखालून नाही. चांगली खणखणीत.

मी रडले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पाणसळ नसतानाही पायऱ्या बघत राहिला. त्या क्षणी मला तो फार देखणा वाटला.

नवा जिना झाला. पायऱ्या सगळ्या सारख्या. सून एक हात पोटावर, एक हात दांड्यावर ठेवून खाली उतरली आणि जमिनीवर आली तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही. पॉलिशचा शेवटचा हात मारून झाला. जिनेवाला उगाचच एक फडकं चार वेळा घडी करत राहिला.

"म्हणजे आता... मला यायचं काही कारण नाही," तो म्हणाला.

"नाहीच," मी म्हणाले. "उद्या चारला बाहेर उभे राहा. आत यायचं नाही. मीच येईन."

मुलाला त्याच दिवशी सांगितलं. चोरून करायचं वय राहिलं नव्हतं.

"आई!" तो म्हणाला. "या वयात?"

"याच वयात. त्या वयात दाराला कडी होती."

सून तोंडावर पदर धरून हसली. मुलगा हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या चपला त्यानेच पुसून ठेवल्या होत्या.

चारला मी बाहेर पडले. तो धुतलेला सदरा घालून उभा होता, कानामागे पेन्सिल नव्हती, त्यामुळे कान उघडा उघडा वाटत होता. आम्ही चालायला लागलो. भुरभुर पाऊस सुरू झाला. रस्ता ओला, निसरडा. बोलायला काही सुचेना. इतके दिवस गजांना नावं ठेवण्यात सोय होती.

एवढ्यात तो एकदम म्हणाला, "हळू गं! घसरशील."

मी जागच्या जागी थांबले. "अहो! चार दिवसांची ओळख आणि मला 'गं' म्हणता? आणि धावतेय कुठे मी?"

"तुम्हाला नाही म्हणालो," तो म्हणाला. तो पुढे बघत होता.

मीही बघितलं. समोर रस्ता मोकळा होता. फक्त पाण्याच्या डबक्यात, आमच्या दहा पावलं पुढे, कोणीतरी नुकतं नाचत गेल्यासारखे तरंग उठत होते. एक. मग पुढच्यात एक.

माझं काळीज धडधडत होतं आणि ते भीतीने नव्हतं. मी त्याचा हात धरला, भर रस्त्यात.

"मग मलाही 'गं' म्हणा," मी म्हणाले. "पण 'हळू' म्हणू नका."