होडी धुक्यात गेल्यावर

सापगावच्या घरातला टीव्ही मी नोकरी लागल्यावर आईला घेऊन दिला होता. व्हीसीआर नंतर आला, शहापूरच्या स्टँडजवळचं एक व्हिडिओचं दुकान बंद झालं तेव्हा. दोन्ही मधल्या खोलीत, कणगीशेजारच्या टेबलावर असत. आईनं जुन्या पातळाचा झाकणा शिवून त्यांच्यावर घातला होता. दुपारची जेवणं उरकली की शेजारच्या बायका आपापली सुपं घेऊन येत. कोणाच्या सुपात वाल, कोणाच्या तांदूळ. झाकणा निघायचा आणि हात निवडायला लागायचे.

टेप एकच होती. २००१ च्या सुमारास केबलवर, कुठल्याशा इंग्रजी वाहिनीवर, आईनं एक सिनेमा मधूनच पाहिला आणि केबलवाल्या मंगळूच्या मागे लागून तो पुन्हा लागला तेव्हा टेपवर उतरवून घेतला. मी सुट्टीला कल्याणहून आले तेव्हा पाहिला. आर्थर राजाची गोष्ट. कॉलेजात मी ती वेगवेगळ्या रूपांत वाचली होती, तलवारी, प्रतिज्ञा आणि मोहिमांनी भरलेली. हा सिनेमा मात्र बायकांच्या बाजूनं सांगितलेला होता. राजाची बहीण, राजाची राणी आणि तळ्यातून त्याला तलवार देणारी बाई. लढाया दाराबाहेर होत आणि आपण त्या बायकांबरोबर दाराच्या आत थांबून राहायचं. तळ्यात एक बेट होतं, तिथे बायकाच राहत. बाहेरचं जग बदलत गेलं तसं ते बेट धुक्यात जाऊन कोणाला दिसेनासं झालं होतं.

आई चौथी शिकलेली. इंग्रजी तिला येत नव्हतं. ती आवाज पार बंद करायची आणि स्वतः सांगायची.

“ही रानी. ही तिची नणंद. पन बघा, नणंद असून वायट नाय.”

“नणंद नि वायट नाय?” अंबूबाई म्हणायची. “मंग ह्यो सिनेमाच खोटा.”

“ही बघा, गोल पंगत. इथं कोन पयला नाय नि कोन शेवटचा नाय.”

“नि वाढनारी?” जनाबाई विचारायची.

“ती उभीच,” आई म्हणायची, आणि सुपं हिंदकळेपर्यंत सगळ्या हसायच्या.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. दर वाक्याला ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. आई तर टेपच थांबवायची. राणी तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर थरथरत राहायची आणि आई मागे वळून म्हणायची, “मेल्यांनो, झोपल्या काय गो?” मग तिघी-चौघी एकदम ‘हं’ म्हणत आणि राणीचं तोंड मिटायचं.

आईचं माहेर धरणात गेलं होतं, माझ्या जन्माच्याही आधी. तिचे भाऊ उठून कुठे मुरबाडकडे, कुठे भिवंडीकडे पांगले. त्याबद्दल ती बोलत नसे. धरण पाहायला म्हणून पाहुणे निघाले की तिचं डोकं दुखायचं. सिनेमातलं बेट दगडी होतं, तिथे सफरचंदाची झाडं होती. आईच्या सांगण्यात मात्र तिथे जांभळी असायच्या, उतारावर विहीर असायची आणि “घरांची तोंडं सगली नदीकडं” असायची. मी एकदा म्हटलं, “आई, यात जांभळी कुठे दिसतायत?”

“तुला नाय दिसत,” ती म्हणाली आणि सुपातला खडा उचलून दाराबाहेर टाकला.

शेवटी जखमी राजाला होडीत घालून बायका बेटाकडे निघतात. होडी धुक्यात शिरते आणि टेप तिथेच संपते. मंगळूला ती कमी पडली. बायका विचारायच्या, “पुढं?”

“पुढचं मला कुठं ठावं,” असं म्हणून आई झाकणा घालायची.

पुस्तकांतून वाचलेला शेवट मी एकदा सांगू लागले होते. जनाबाईनं मला थांबवलं. “ऱ्हाऊ दे गो नमे. तू नको सांगू.”

२००५ च्या जानेवारीत आई गेली. सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या. मी पोचले तेव्हा ओसरी भरली होती आणि प्रत्येकीजवळ आईचं आदल्या दिवशीचं काही ना काही बोलणं होतं. माझ्याजवळ नव्हतं. तिचा आवाज कशावरही उतरवलेला नव्हता. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ती दिसते, ओठ हलतात, पण वर बँड वाजत असतो. दुःखाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. माणसाचा आवाज सगळ्यात आधी जातो, हे कुठे लिहिलेलं आढळलं नव्हतं. होळीपर्यंत तिची वाक्यं मला शब्दाशब्दानं आठवत होती, पण ती मी माझ्याच आवाजात ऐकत होते.

चैत्रात मी घर आवरायला सापगावला गेले. भांडी मावशीकडे जायची होती, टीव्ही जनाबाईच्या घरी. दीपेशला, माझ्या नवऱ्याला, सांगून आले होते की रविवारी निघेन.

पहिल्याच दुपारी बायका आल्या. अंबूबाई, जनाबाई, आणि बारकी. ही जनाबाईची सून, हिच्या बोलण्यात माझ्या आईचं नाव सगळ्यांत जास्त यायचं. सुपं घेऊनच आल्या, आणि नेहमीच्या जागी बसल्या. आईची जागा टीव्हीच्या उजवीकडे, खांबाला टेकून. ती त्यांनी मोकळी सोडली. मला त्याचं बरं वाटलं.

“लाव ना गो ती टेप,” अंबूबाई म्हणाली.

मी लावली. संगीत सुरू झालं तशी बारकी म्हणाली, “आवाज बंद कर, ताई.”

मी बंद केला. आता आपणच सांगायचं, असं मला वाटलं. मी घसा साफ करून म्हटलं, “ही राणी...”

“तू गप बस गो,” जनाबाई म्हणाली. रागावून नव्हे. “ऐकू दे.”

पंखा फिरत होता. व्हीसीआर बारीक घरघरत होता. वाल सुपात घसरत होते. राणी जिना उतरून खाली आली.

“हं,” जनाबाई म्हणाली.

थोड्या वेळानं, “हं.” मग तिघी एकदम, “हं.”

गोल मेज आलं तेव्हा त्या हसल्या. जिथे आई थांबायची तिथे थांबल्या. अंबूबाईनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. वर्षानुवर्षं ऐकलेली गोष्ट, त्यांना पाठ झालेली असणार. देवळात आरती न ऐकताही ओठ हलतात, तसं. मी स्वतःला हे समजावलं आणि ते समजावणं पटलंही. मी त्यांच्याकडे बघत होते, तोंडांकडे, डोळ्यांकडे. त्यांचे डोळे पडद्यावर नव्हते. उजवीकडे, खांबाकडे होते.

होडी आली. बायकांनी राजाला आत निजवलं. होडी धुक्यात शिरली, टेप संपली आणि पडद्यावर मुंग्या सुरू झाल्या.

“हं,” जनाबाई म्हणाली.

मी बटणापर्यंत नेलेला हात मागे घेतला.

“हं.”

“अगो बाय!” बारकी म्हणाली आणि तिनं जनाबाईच्या गुडघ्याला हात लावला. जनाबाईनं नुसती मान डोलावली. अंबूबाईचे डोळे भरले होते. वाल निवडणारे हात थांबले होते. हे पाठ असणं शक्य नव्हतं. इथून पुढे आईनं कधीच सांगितलं नव्हतं.

त्याच वेळी लोडशेडिंग झालं. पंखा हळूहळू थांबला. टीव्हीची काच काळी झाली. खोलीत चैत्राचा उकाडा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोचा आवाज. तो लांब गेला. मग काही नाही.

“हं,” तिघी म्हणाल्या.

मी खांबाकडे पाहिलं. तिथे खांब होता. आईच्या पाठीनं गुळगुळीत झालेला, तेलकट डाग पडलेला.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या, पदर झटकले. मी जनाबाईला ओसरीवर गाठलं.

“काय सांगितलं तिनं?”

जनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. “तुला नाय आलं ऐकू?”

“नाही.”

माझ्या डोक्यावरून हात फिरवून ती म्हणाली, “होडी लागली म्हने. जांभळीखाली. रानी उतरली, तर घरं सगली जागेवर. तिची मान्सं वर येऊन उभी. कोन तिला वळखत नाय असं झालं नाय.”

“आणि?”

“नि बसलीय वाट बघत.”

“कोणाची?”

“आवर आता,” जनाबाई म्हणाली. “संध्याकाळ झाली.”

मला भीती वाटली नाही. हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे, कारण मी घाबरले असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. मला मत्सर वाटला. माझी आई, आणि तिला ऐकणार शेजारच्या बायका. मी रात्री खांबाला कान लावून बसले. लाकूड गार होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वीज दुपारभर नव्हतीच. तरी त्या आल्या. झाकणाही कोणी काढला नाही. मी आज त्यांच्या ओळीत बसले, बारकीच्या शेजारी, आणि सूप मांडीवर घेतलं. जनाबाईनं ‘हं’ म्हटलं की मी मागोमाग म्हणायचे. उशिरा पडलेला हुंकार होता तो. पंगतीत उशिरा आलेल्या माणसासारखा. बारकी हसू दाबत म्हणाली, “ताई, शाळेत पाडे म्हनतेस काय?”

मी तिच्याकडे न बघता जनाबाईच्या खांद्याकडे बघू लागले. ‘हं’च्या आधी तिचा खांदा किंचित वर यायचा. तो पकडत गेले. तिच्या बरोबरीनं हुंकार पडू लागला. मग कधीतरी मी खांद्याकडे बघायचं सोडलं.

रविवार आला तेव्हा मी दीपेशला स्टँडवरच्या बूथवरून फोन केला, की काम अजून संपलेलं नाही. त्यानं माझ्या आवाजावरून विचारलं, “बरं आहे ना तुझं?” मी म्हटलं, “हं.”

भांडी भरलेली पोती ओसरीवर तशीच होती. मावशीचा माणूस येऊन परत गेला. मी सकाळी स्वयंपाक करायची आणि दुपारची वाट बघायची. कल्याणच्या घराचा विचार यायचा, पण कोणीतरी सांगितलेल्या घरासारखा.

अशाच एका दुपारी वाल निवडणं चाललं होतं. उन्हाची तिरीप उंबरठ्यापर्यंत येऊन थांबली होती. बाहेर कोंबडी खरवडत होती. मी हुंकार दिला आणि पुढच्या हुंकाराच्या आधीची जी जागा असते, रोज रिकामी असलेली, ती त्या दिवशी रिकामी नव्हती.

आवाज सुरू झाला नाही. तो आधीपासून चालूच होता. मी मध्येच ऐकायला लागले.

“...पोरगी माझी सावकाश आहे,” आई सांगत होती. किंचित नाकातून, ‘स’वर दम घेत, जसा तिचा होता तसा. “पुस्तकं वाचते. तिला वाट सांगावी लागते. नदीकडं तोंड करून उतरायचं, जांभळी लागतील, मंग थांबायचं. होडी तिथं येते.”

माझ्या मांडीवरचं सूप कलंडलं. वाल जमिनीवर पसरले. कोणी वेचायला वाकलं नाही.

“आलं गो तिला ऐकू,” बारकी हळूच म्हणाली.

“आलं,” जनाबाई म्हणाली.

अंबूबाईनं आपल्या सुपातल्या वालांखालून नारळ काढला. बारकीच्या सुपात खालून हिरवा खण निघाला. तांदूळ त्यांनी पदरात बांधून आणलेले होते. हे सगळं किती दिवस त्या वालांखाली होतं, मला माहीत नाही. रोज त्या वरवरचेच दाणे निवडत होत्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मला पाटावर बसवलं. तोंड दाराकडे, नदी ज्या बाजूला आहे तिकडे. अंबूबाईनं हळदकुंकू लावलं. मी पदर पसरला. माहेराहून निघताना आईनं दर वेळी भरली होती तशी त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. आई खांबापाशी बोलत होती. कुठे थांबायचं, पाणी कुठे उथळ आहे.

ओटी भरली की आमच्यातली लेक त्यातले चार दाणे काढून माहेरच्या उंबऱ्यात टाकते. दाणे मागे राहिले की लेक परत येते. मीही हात घातला, चिमूट घेतली आणि उंबऱ्याकडे वाकले.

जनाबाईनं माझं मनगट धरलं. तिनं माझी बोटं एकेक करून मिटवली आणि मिटलेली मूठ पुन्हा माझ्या पदरात ठेवली.

“ते आता नाय लागायचं, बाय,” ती म्हणाली.