ठिपक्यांची चौकशी

"श्वास घ्या... धरून ठेवा," असं तो आधी कानडीत म्हणाला, मग इंग्रजीत. मी श्वास धरला खरा, पण तो त्याच्या आवाजाला दचकून.

एकसष्ट सालचा श्रावण होता. बंगळूरची भुरभुर सकाळपासून थांबायला तयार नव्हती. एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात माझी नेमणूक झाली होती. छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांचा दाखला तेवढा द्यायचा राहिला होता. एक्स-रे विभागातल्या त्या तरुण डॉक्टरने नाव विचारलं, वय विचारलं, खोकला येतो का विचारलं. मी नुसती मान हलवत राहिले. शेवटी तो संशयाने माझ्या गळ्याकडे पाहू लागला आणि बॅटरी घेऊन आला. तेव्हा घाईघाईत मी त्याच्याच कागदावर लिहिलं – 'मौन आहे. दुपारच्या नैवेद्यापर्यंत.'

लिहिलं ते मराठीत. त्याने वाचलं आणि हसला.

"दोन महिने झाले पुण्याहून येऊन. या दवाखान्यात मराठी बोलणारं पहिलं माणूस भेटलं... तेही न बोलणारं."

डॉक्टर विद्याधर, असं त्याचं नाव.

तिसऱ्या दिवशी त्याची चिठ्ठी आली, पुन्हा या. गेले, दुपारची. त्याने हातांचे फोटो काढले. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, आता गुडघ्यांचे. मी कारण विचारलं तर म्हणाला, "काही नाही, स्वल्प खात्री करायची आहे." 'स्वल्प', म्हणजे थोडी, हा आमचा कानडी वळणाचा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता. माझाच शब्द, पण त्याच्या तोंडी खोटा वाटला.

हाताचा फोटो काढताना त्याने माझी बोटं एकेक करून सरळ केली होती, देवापुढे विड्याची पानं मांडावीत तशी, हलकेच. पण नजर मनगटाच्या वर आली नाही. ज्याला लपवायचं काही नाही, तो एकदा तरी वर पाहील ना? शिवाय माझ्या फोटोंच्या लिफाफ्यावर, अगदी नावाशेजारी, लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं मी पाहिलं होतं.

माझी थोरली बहीण कमलाक्का म्हणाली, "छातीचा झाला, हातांचा झाला, गुडघ्यांचा झाला. आता एकदा चेहऱ्याचाही काढून घे, म्हणजे स्थळांना पाठवता येईल."

मला हसू आलं नाही. दोनच गोष्टी असू शकत होत्या. एक तर हा मुलगा चावट होता, नाहीतर माझ्यात काहीतरी वाईट सापडलं होतं. रोज तुळशीला प्रदक्षिणा घालताना मी म्हणे – देवा, चावट असू दे.

रविवारी तो घरीच आला. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना नरसिंहरावांना, नमस्कार करून बसला आणि विचारू लागला. तुम्ही भावंडं किती? वडील किती वर्षांचे होऊन गेले? घराण्यात कुणाची हाडं दुखतात, कुणी लंगडतं का? आईवडील आधीपासून नात्यातले होते का? सगळं वहीत लिहून घेत होता. अप्पांचा चेहरा फुलत चालला. आमच्याकडे मुलाकडची माणसं बरोबर हेच विचारतात, याच क्रमाने! अप्पांनी तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलेल्या मूळपुरुषापासून सुरुवात केली. अक्काने चिरोट्यांचा डबा काढला. त्याने जन्मतारीख विचारली तर अप्पांनी माझी पत्रिकाच त्याच्या हातात ठेवली. तो गोंधळला, पण तीही वहीत ठेवून दिली.

जाताना म्हणाला, उद्या तुमच्याही गुडघ्यांचा फोटो काढू का?

तो गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "सासऱ्याचे गुडघे तपासणारं स्थळ पहिल्यांदाच पाहतोय. पण मुलगा काळजी घेणारा आहे, सरी."

मी चिरोट्यांचा डबा परत झाकला. त्याने चिरोट्याला हात लावला नव्हता. लग्न ठरवायला आलेला माणूस इतका घाबरलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी फोटो होताच अप्पा बाहेर पडवीत जाऊन बसले. विद्याधरने मला आत बोलावलं आणि उजेडाच्या पेटीवर दोन काळे फोटो शेजारी शेजारी लावले. एक गुडघा माझा, एक अप्पांचा. दोन्हींत सांध्याजवळ पांढरे ठिपके होते, रांगोळीचे काढावेत तसे.

"पहिल्या फोटोत हे तुमच्या खांद्यात दिसले," तो म्हणाला. "मोठ्या डॉक्टरांना कॅन्सरचा संशय आला. तो हाडांत पसरला की असेही डाग दिसू शकतात. मला तसं वाटत नव्हतं, पण... खात्री नव्हती. म्हणून बोललो नाही."

"आणि आता?"

"लाखात एखाद्याला असतं हे. पुस्तकात सापडलं. घराण्यातून येतं आणि काहीही करत नाही. हे ठिपके घेऊन अप्पा एकसष्ट वर्षं हिंडताहेत." त्याने दाखला पुढे केला. मोठ्या डॉक्टरांची सही होती. "नोकरीवर रुजू व्हा."

मी मनात हात जोडले. डोळे भरून आले. आणि मग, कृतघ्नच म्हणायची मी, आत काहीतरी खचलं. वही, भावंडं, जन्मतारीख... सगळं या ठिपक्यांसाठी होतं तर.

"चौकशी संपली म्हणायची," मी उठत म्हटलं.

"आजाराची संपली."

त्याने पेटीचा दिवा बंद केला, उगाच पुन्हा लावला.

"एक सांगायचं राहिलं. हे ठिपके पुढे तुमच्या मुलांतही येतील. सगळ्यांत नाही, निम्म्याअर्ध्यांत. पण त्यांचे फोटो दुसऱ्या कुणी काढले, तर तो उगीच घाबरेल, माझ्यासारखा. ते... मीच काढावेत असं वाटतं."

मला समजायला जरा वेळ लागला.

"हे डॉक्टर म्हणून सांगताय?"

"नाही." त्याचे कान लाल झाले होते. "मी अप्पांशी बोलतो."

"अप्पांशी कशाला? ते बाहेर पंचांग उघडून बसलेत," मी म्हटलं. "मला विचारा."

त्याने विचारलं.

आणि जन्मात कधी आवाज न चढवणारी मी, पडवीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने 'हो' म्हणाले.