खालच्या वाटेचा माणूस

ऐका, पण मधी कुणी उठू नका. कुंडलिक माझा जुना दोस्त. पानशेतच्या धरणाकाठी त्याची वाडी. त्याच्यावर गुदरलं तेच सांगतो.

वाडीनं मिळून पाव्हणं ठेवायला सुरुवात केली हुती. पुण्याची माणसं घराघरांत उतरायची, चुलीवरचं जेवायची, अंधार पडला की कुंडलिक न्हाईतर वाडीतलं कुणी त्यास्नी वरच्या रानात काजवं दाखवायला न्यायचं. वैशाखातली अवस, शनिवार. एक कुटुंब तिसऱ्या साली परत आल्यालं. त्यांच्या पोरीला दूध पायजे म्हणून कुंडलिक वरच्या आळीला गेला. परत येतो तर वसरी मोकळी.

"पाव्हणं कुठं गेलं?"

"तुमी धाडल्यालं म्हातारबाबा आलं हुतं की," बायको वैष्णवी चुलीपुढनं म्हणाली. "पाव्हण्यांनी वळखलं त्यास्नी. दर साली हेच नेत्यात म्हणं."

कुंडलिकनं कुणालाच धाडलं नव्हतं. मागल्या साली जाताना पाव्हणी म्हणाली हुती, "तुमच्या त्या आजोबांसाठीच आम्ही परत येतो हं!" त्याला वाटलं, शेजारच्या चिमाजीबाबाचं कौतुक चाललंय.

तो तसाच चिमाजीबाबाच्या दारात गेला. म्हातारा बाजेवर पडल्याला.

"बाबा, पाव्हणं तुमी नेलं न्हवं?"

"म्या? आरं, माजं गुडघं जाऊन किती वर्सं झाली!" मग म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "कुठल्या वाटनं नेलं? खालच्या?"

खालची वाट पाण्यात जाते. जुनी वाडी तिथंच बुडालीया.

कुंडलिक धावत सुटला. वरच्या रानात झाडं लखलखत हुती. खाली मात्र एक काजवा न्हाई. बेडूक न्हाई. वारं न्हाई.

बॅटरी मारली. पाव्हणं पाण्यात उभं. गुडघाभर. सगळी हसत हुती. आवाज न करता.

त्यांच्या म्होरं, छातीभर पाण्यात, कुणाची तरी पाठ.

"या... आजून जरासं... घर हितंच हाय..."

कुंडलिक पाण्यात शिरला. त्यानं पोरीचा हात धरला. बर्फ. तिनं काळ्या पाण्याकडं बोट दाखवलं.

"काका, बघा ना... किती काजवे..."

तवा तो किंचाळला. एकेकाला वढत काठावर आणलं. मागं पाणी हललं.

"कुंडलिक..."

त्यानं वळून बघितलं न्हाई.

सकाळी पाव्हण्यांना पाण्यातलं कायबी आठवत नव्हतं. "यंदासारखी मजा कधीच आली नाही. पुढच्या वर्षी नक्की येणार!" म्हणत हुती. पण पायात कुणाच्याच चपला न्हाईत.

कुंडलिक उजाडल्यावर शोधायला गेला. पाण्याच्या कडंला सगळ्यांच्या चपला वळीनं मांडल्या हुत्या. तोंडं पाण्याकडं.

वळीत शेवटचा जोड वैष्णवीचा हुता.

ती रातभर उंबऱ्याभायेर पडलीच नव्हती.